वही कुणाची?

अब्बा गेले त्याला तीन वर्षे होत आली. अवसरी बुद्रुकला त्यांचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. दुकान कसले, पत्र्याची एक खोली आणि पुढे कडुनिंबाची सावली. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या. आता ते दुकान आमच्यातला धाकटा चालवतो. अब्बांच्या मागे राहिले ते एक व्हाइस, तारेचे गेज, कॉइल गुंडाळायचे हाताचे मशीन, भिंतीत मुरलेला वार्निशचा वास आणि एक वही. या वहीवरून आम्हा भावंडांत वाद झाला. तो घरातल्या घरात मिटला असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण वाद वाढत गेला तसे आमच्या लक्षात आले की हा एका वहीचा प्रश्न नाही. माणसाला जे येते ते त्याचे एकट्याचे असते का? आणि कुणी विचारले तर ते सांगणे त्याला बांधलेले आहे का? आपल्या समाजात हातावर पोट असलेली घरे फार. सच्चर समितीने २००६ साली आकडेवारीनिशी दाखवून दिले की मुसलमानांत पगारी नोकरीपेक्षा स्वतःचा छोटा धंदा किंवा कारागिरी करून जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आहे. तेव्हा अशी एखादी वही आपल्या बऱ्याच घरांतल्या कोनाड्यात पडलेली असणार. कुणाकडे ती कागदाची असेल, कुणाच्या नुसत्या बोटांत.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मोटार जळते म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेवरचे आवरण जळते. व्होल्टेज पडले, तीनपैकी एक फेज गेला किंवा पंप गाळात अडकला, की तार तापते. शेतीची वीज कधी दिवसाच्या पाळीने, कधी रात्रीच्या. शेतकरी अंधारात विहिरीवर जातो, स्टार्टर दाबतो, मोटार नुसती घुरघुरते, आणि सकाळी तो दुकानाच्या दारात उभा असतो, “चाचा, आज संध्याकाळपर्यंत द्याच, कांदा सुकतोय.” मिस्त्री जुने वाइंडिंग कापून काढतो. स्टेटरला खाचा किती, एका कॉइलमध्ये टर्न किती, तार किती गेजची, कॉइल कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत जाते, जोडणी स्टार की डेल्टा, हे सगळे मोजून लिहून ठेवावे लागते. पण तार वितळून तिचा गोळाच झाला असेल, किंवा आधीच्या मिस्त्रीने चुकीची भरली असेल, तर मोजून काय उपयोग? तेव्हा वही उघडायची. त्याच कंपनीची, तेवढ्याच एचपीची मोटार पूर्वी कधी आली होती का ते पाहायचे. चार टर्न कमी-जास्त झाले तरी मोटार जास्त करंट ओढते किंवा तिच्यात जोर उरत नाही, आणि पुन्हा जळून परत येते. म्हणून या धंद्यात खरी पुंजी म्हणजे वही. हत्यारे काय, बाजारात मिळतात.

अब्बांची वही चाळीस वर्षांची होती. पण तिच्यात एक खोच होती. टर्नचे आणि गेजचे आकडे त्यांनी बहुतेक पानांवर उघड लिहिलेच नव्हते. आकड्यांच्या जागी अक्षरे होती. जुने कापडवाले गाठोड्यावर खरेदीची किंमत अशीच सांकेतिक अक्षरांत टाकत, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. अब्बांनी दहा अंकांसाठी दहा अक्षरे ठरवली होती आणि शेवटच्या आजारपणात ती धाकट्याला सांगितली. पण वहीच्या सुरुवातीच्या काही पानांवर दुसरीच अक्षरे आहेत, बहुधा तरुणपणची. ती सांगायची राहून गेली. त्या पानांवरच्या मोटारी अजूनही कधीमधी येतात. वही समोर उघडी असते आणि उपयोग शून्य.

असे का केले असेल, हे समजायला अब्बांचे शिकणे माहीत असावे लागते. ते पुण्यात एका वर्कशॉपमध्ये शिकले. पहिली दोन वर्षे झाडलोट, तार सोलणे, वार्निशची बादली ढवळणे. उस्ताद माणूस भला होता, ईदेला कपडे करायचा, आजारपणात दवाखान्यात न्यायचा. पण जोडणी करायची वेळ आली की म्हणायचा, “जा बेटा, चाय लेके आ.” चहा येईपर्यंत जोडणी झालेली असायची आणि वरून सुती दोरा बांधलेला असायचा. अब्बांनी जोडणी शिकली ती इतरांच्या जळालेल्या मोटारी उलगडून, रात्री, उस्ताद घरी गेल्यावर. हा किस्सा ते हसत हसत सांगायचे. आणि त्यांच्या दुकानात पुढे जी दोन-तीन पोरे शिकायला आली, त्यांना तेही जोडणीच्या वेळी चहाला पाठवायचे. हे मात्र सांगताना ते हसत नसत. मंचरला त्यांच्याच हाताखालच्या एकाने दुकान टाकले तेव्हा तीन महिने आमच्याकडे मोटारी कमी आल्या, हे आम्हाला आठवते, कारण त्या वर्षी शाळेच्या वह्या उशिरा मिळाल्या. तेव्हा अब्बांचे झाकणे हा स्वभावाचा कोतेपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरात रेशन आहे त्यालाच उदारपणा परवडतो.

आता वादाकडे येऊ. आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा अवसरी खुर्दच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकला. २००९ साली हे कॉलेज शेजारच्या गावात निघाले तेव्हा अब्बा म्हणाले होते की आता पोरे मोटारी कागदावर भरणार. भाच्याने कागदावर काय भरले ते आम्हाला कळत नाही, पण तिथे असताना त्याला एका बिरादरीचा नाद लागला. यंत्रांची, कॉम्प्युटरची हौस असलेली माणसे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली. एकाने अडचण मांडायची आणि ज्याला येते त्याने सांगायचे, एवढाच त्यांचा रिवाज. एकदा दुकानात एका परदेशी बनावटीच्या मशीनची मोटार आली. वहीत तिची जात नव्हती. भाच्याने रात्री फोटोसह विचारले आणि सकाळी उत्तर हजर. खाचा, टर्न, गेज, जोडणीचे चित्र, शिवाय एक सूचना की या मोटारीत अमुक खाचेचा कागद जाड घ्या, तिथे ती पुन्हा जळते. सांगणारा कोण, कुठल्या देशाचा, काही माहीत नाही. अब्बांनी त्याप्रमाणे मोटार भरली. ती चालली. दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी नातवाला एवढेच म्हणाले, “उसकू क्या मिल्या रे?”

अब्बा गेल्यावर भाच्याने सुचवले की वहीच्या पानांचे फोटो काढून आपणही ती सगळ्यांसाठी खुली करावी. बहीण म्हणाली, करा, पुण्य लागेल. धाकटा म्हणाला, ज्यांनी आयुष्यभर झाकले ते त्यांच्या माघारी आपण उघडायचे, हे कसले पुण्य? आणि उद्या माझ्या दारात कोण येणार? आम्ही बाकीचे मधे अडकलो. अब्बांचा तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. त्या अनोळखी माणसाला काय मिळाले?

भाच्याने त्याच्या परीने उत्तर दिले. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर आहे. १९८० च्या सुमारास तो एमआयटीच्या प्रयोगशाळेत होता. तिथल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. त्याला प्रोग्राम दुरुस्त करायचा होता, पण कंपनीने मूळ लिखाण दिले नव्हते. दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे ते आहे असे कळले म्हणून तो त्याच्याकडे गेला, तर तो म्हणाला, देणार नाही, मी कंपनीला वचन दिले आहे. स्टॉलमनने हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. त्याला राग आला तो या गोष्टीचा, की त्या माणसाने त्याला एकट्याला नकार दिला नव्हता. आपल्या सहीने साऱ्या जगाला आधीच नकार देऊन ठेवला होता. १९८३ साली त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्ये एक परवाना लिहिला. घ्या, वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा. पण पुढे द्याल तेव्हा घेणाऱ्याला तीच मोकळीक द्या. १९९१ साली हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्सने आपण हौस म्हणून केलेले काम असेच हौशी मंडळींपुढे ठेवले. तेच लिनक्स. आज जगातले बहुतेक मोठे सर्व्हर त्यावर चालतात आणि खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तेच आहे. पुण्यातही लिनक्सच्या वेड्यांचा गट होता. नोकऱ्या सांभाळून ही मंडळी जमायची आणि ज्याला जे जमले नाही ते दुसरा जमवून द्यायचा.

आम्हाला यातली गंमत वाटली ती परवान्याच्या अटीची. हे खैरातीसारखे नाही. खैरात देणाऱ्याने दिली की संपली. इथे घेणाऱ्याच्या गळ्यात एक ओझे पडते, जे तो पैशाने फेडू शकत नाही. पुढच्याला देऊनच ते उतरते. अब्बांना कळेल अशा शब्दांत सांगायचे तर ही अमानत झाली. ठेव म्हणून दिलेली वस्तू आपली म्हणून कुलूपबंद केली तर ती खयानत.

हे सगळे परदेशातले, असे धाकट्याने म्हणताच भाच्याने त्याला दोन ठिकाणी नेऊन आणले. एक, पाबळ. आमच्या तालुक्याची हद्द ओलांडली की शिरूर तालुक्यातले गाव. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतून पीएचडी केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला माणूस, शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, बांधकाम, विजेचे काम हाताने करता करता विज्ञान शिकवत बसला. २००२ साली एमआयटीच्या फॅब लॅबची पहिली बाहेरची शाखा निघाली ती या पाबळला. फॅब लॅबचा कायदाच असा की एका गावी जमलेली रचना दुसऱ्या गावाला वापरता यावी. आम्हाला सगळ्यात आवडले ते हे की तिथे शिकणाऱ्याला जोडणीच्या वेळी चहा आणायला कुणी पाठवत नाही.

दुसरे ठिकाण खोडद. नारायणगावच्या पूर्वेला. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, साधारण पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. एवढी मोठी थाळी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याने उलटली असती आणि पैशानेही. स्वरूपांनी ती ताणलेल्या तारांवर जाळी बसवून केली. धाकटा त्या जाळीकडे बराच वेळ पाहत होता. तारेचे काम त्याला कळते. (ठिणगी उडवणाऱ्या यंत्रांचा त्या थाळ्यांच्या कानांना त्रास होतो, हे ऐकून तो जरा ओशाळलाही, आमचे दुकान तसे लांब आहे.) या दुर्बिणीवर वेळ मागायला हिंदुस्थानी असावे लागत नाही. जगातला कुणीही संशोधक अर्ज करतो, अर्जाचा दर्जा पाहून वेळ मिळतो. त्याने जमवलेली माहिती काही काळ त्याची राहते आणि नंतर ती सगळ्यांसाठी उघडी होते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाला आसपासच्या शाळांतली पोरे तिथे आपापली यंत्रे घेऊन जमतात. २०१३ पासून तर ‘रॅड ॲट होम’ नावाने डॉ. आनंद होता यांनी साध्या विद्यार्थ्यांना या दुर्बिणीची चित्रे वाचायला शिकवण्याचा उद्योग चालवला आहे.

‘काही काळ त्याची, मग सगळ्यांची’ हा खोडदचा नियम आम्हाला फार शहाणपणाचा वाटला. कष्ट करणाऱ्याच्या तोंडचा घास काढून घेत नाही आणि त्याच्या नातवंडांपर्यंत कुलूपही ठेवत नाही.

तरीही धाकट्याचे एक म्हणणे होते, आणि ते सहज खोडता येणारे नव्हते. तो म्हणाला, प्रोग्राम दिला तर देणाऱ्याकडे तो राहतोच. दुर्बिणीच्या साहेबांना पगार आहे. माझे काय? यावर आम्हाला मिरज आठवली. मिरजेचे सितारमेकर आपलेच, मूळचे शिकलगार. तलवारींना धार लावणारी घरे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस गेले तसे हे हात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सितारमेकरांचे नाव तिथे आद्य म्हणून घेतात. पंढरपूर भागातले भोपळे, तुणीचे लाकूड, आणि शेवटी जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीने असा घासायचा की तार छेडल्यावर आवाज फुलावा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या गावात कुणी सतार बनवू नये असे नाही, पण तिला मिरजेची म्हणू नये. आम्हाला हा फरक महत्त्वाचा वाटतो. विद्या झाकणे वेगळे आणि नाव राखणे वेगळे. जवारीची रीत तुम्ही छापून काढली, चित्रफीत केली, तरी कान आणि मनगट त्यातून जात नाहीत. धाकट्याला आम्ही म्हटले, तुझ्याकडे लोक टर्नचा आकडा घ्यायला येतात की मोटार भरून घ्यायला? तो म्हणाला, दोन्ही. त्याचे ते उत्तर प्रामाणिक होते.

झाकलेल्या विद्येचे पुढे काय होते, हेही पाहायला हवे. दख्खनच्या पोलादाची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तेलंगणात कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत शिजवलेले पोलाद इराणी व्यापारी विकत नेत, त्याच्याच जातीच्या पोलादाच्या तलवारी ‘दमिश्की’ म्हणून नावाजल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात हे काम बंद पडले. खनिज, जंगल, इंग्रजांचा व्यापार, कारणे बरीच आहेत. पण करणाऱ्यांनी रीत लिहून ठेवली नव्हती म्हणून ती पुन्हा शोधायला युरोपातल्या आणि नंतर आपल्याही शास्त्रज्ञांना तुटक्या मुशी तपासत बसावे लागले. याच्या उलट उदाहरणही आपल्या इतिहासात आहे. दियारबकरच्या दरबारातल्या अल-जझरीने १२०६ साली आपला यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. पन्नास यंत्रे. घड्याळे, कारंजी आणि पाणी उपसायची यंत्रेही. म्हणजे आमच्याच धंद्याचा पूर्वज म्हणायचा. त्याने नुसती ‘असे असे यंत्र आहे’ अशी बढाई मारली नाही. मापे दिली, कोणता भाग आधी करायचा ते सांगितले, आकृत्या काढल्या. म्हणूनच विसाव्या शतकात लोकांनी त्या ग्रंथावरून त्याचे घड्याळ पुन्हा उभे करून चालवून पाहिले. अब्बांची सुरुवातीची पाने आम्ही त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातही वाचू शकत नव्हतो.

एवढ्यावर भाच्याची बाजू जिंकली असे वाटेल. पण याच सुमारास त्यानेच सांगितलेल्या एका घटनेने आम्ही पुन्हा मागे आलो. ‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे सॉफ्टवेअर आहे, माहिती आवळून लहान करणारे. जगभरच्या लिनक्समध्ये ते असते. ते सांभाळायचा एकच माणूस, फिनलंडचा लासे कोलिन, फुकट. २०२२ च्या सुमारास त्याने आपली तब्येत, मन ठीक नसल्याचे लोकांना सांगितले. तरी मागण्या थांबल्या नाहीत. हे का होत नाही, ते का रखडले, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. आणि मदतीला एक जण उभाच होता, ‘जिया तान’ नावाचा. दोन-अडीच वर्षे त्याने गुमान चांगले काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या मिळवल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला आत एक चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनीअरला आपल्या कॉम्प्युटरवर शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, तो त्याच्या मागे लागला, म्हणून हे उघडकीस आले. जिया तान कोण होता, ते अजून उघड झालेले नाही.

घेणारे लाखो आणि देणारा एक, थकलेला. त्याला कुणी विचारले नाही की बाबा, जेवलास का. अब्बांचा प्रश्न इथे फार कडू लागतो. उसकू क्या मिल्या? आणि दुसरी गोष्ट म्हणजे देणारा अनोळखी असला तर त्याच्या दिलेल्यावर भरवसा कसा ठेवायचा? हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. हदीस जमवणाऱ्यांना तो बाराशे वर्षांपूर्वी पडला होता. त्यांनी नियम केला की नुसते काय सांगितले ते चालणार नाही. कुणी कुणाकडून ऐकले ती साखळी सांगा, इस्नाद. आणि साखळीतल्या प्रत्येकाची चौकशी झाली. स्मरण कसे होते, खोटे बोलायचा का, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला खरेच भेटला होता का. सांगणाऱ्यांच्या चरित्रांची एक वेगळी विद्याच त्यातून उभी राहिली. गंमत अशी की या हौशी बिरादरीनेही नकळत तेच केले आहे. टोरवाल्ड्सने २००५ साली ‘गिट’ बनवले, त्यात प्रत्येक फेरबदल कुणी, कधी, का केला याची नोंद कायम राहते. जिया तानचे नाव खोटे निघाले तरी त्याचा हात कुठे कुठे लागला होता ते त्या साखळीवरूनच शोधता आले.

उलट, साखळी तुटली की काय होते तेही आपण पाहतो आहोत. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि पाठोपाठ तशी बरीच. माणसांनी वर्षानुवर्षे एकमेकांना जे लिहिले, समजावले, ते वाचून ही यंत्रे शिकली. आता धाकटाही कधीकधी फोनला विचारतो आणि फोन फर्ड्या मराठीत सांगतो. कधी बरोबर, कधी ठामपणे चूक. जाड कागद घ्या म्हणणारा तो अनोळखी माणूस कदाचित त्या उत्तरातही असेल, पण त्याचा पत्ता नाही, आणि पैसे कंपनीला जातात. खुले करा म्हणणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा, असे आम्ही भाच्याला सुनावले. तो म्हणाला, मामू, म्हणून काय विहीर बुजवायची? बरोबर आहे त्याचे. पण विहीर खोदणाऱ्याचे नाव दगडावर कोरायची रीत आपल्या वाडवडिलांना होती, हेही खोटे नाही.

शेवटी असे ठरले. पूर्ण एकमताने नव्हे. धाकट्याने दहा वर्षांपूर्वीपर्यंतची पाने द्यायला मान्यता दिली. अलीकडची पाने त्याच्याकडे राहतील, तो योग्य वाटेल तेव्हा देईल. खोडदचा नियम तो विसरला नव्हता. प्रत्येक पानावर आम्ही वरच्या कोपऱ्यात लिहिले, ही नोंद कुणाच्या हातची, त्यांनी कुणाकडून शिकली. म्हणजे अब्बांचे नाव, आणि त्याखाली त्यांच्या उस्तादाचे, तेच ते, चहाला पाठवणारे. बहिणीला ते खटकले. ज्याने लपवले त्याचे नाव कशाला? आम्ही म्हटले, शिकवले नाही तरी छप्पर त्यानेच दिले होते. न उलगडलेली पानेही आम्ही तशीच दिली, अक्षरांसकट.

चार महिन्यांनी सोलापूरकडच्या एका रिवाइंडिंगवाल्याचा निरोप आला. त्याच्या वडिलांच्या वहीत त्याच जुन्या पाच एचपी मोटारीची नोंद होती, उघड आकड्यांत. भाच्याने त्याचे आकडे आणि अब्बांची अक्षरे शेजारी शेजारी मांडली. चार अक्षरे तिथेच फुटली, बाकीची हळूहळू. अब्बांची तरुणपणची पाने आता वाचता येतात. धाकट्याने त्या दिवशी दुकान लवकर बंद केले आणि कब्रस्तानात जाऊन आला.

एका पानावर मात्र अडचण आहे. तिथे सोलापूरच्या वहीतला आकडा आणि अब्बांचा आकडा जुळत नाही. चारचा फरक. अब्बा चुकले असतील, किंवा आमच्या भागातल्या कमी व्होल्टेजला सोसावी म्हणून त्यांनी मुद्दाम चार टर्न कमी केले असतील. धाकट्याचे मत दुसरे आहे, भाच्याचे पहिले. ती मोटार दुरुस्तीला येईल तेव्हा मोजू, असे ठरले आहे. तोवर पानावर दोन्ही आकडे लिहून ठेवले आहेत, कुणाचा कोणता ते नावासह.